माऊथ ऑर्गन कोणता घ्यावा?

आपल्या समाजातील घरांत पेटी आणि तबला ही वाद्ये पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. भजनाची बैठक असो, हळदीकुंकू असो की गणपतीचे दिवस असोत, पेटी बाहेर निघते. ती कशी पारखावी, भाता कसा दाबून पाहावा, सूर कसे तपासावे हे सांगणारा जाणता माणूसही शोधावा लागत नाही. पण तळहातावर मावणाऱ्या धाकट्या वाद्याची, म्हणजे माऊथ ऑर्गनची गोष्ट निराळी आहे. हे वाद्य घरात येते ते बहुधा भेट म्हणून. मुलाची मुंज झाली, परीक्षेत बरे गुण मिळाले, मामा मुंबईहून आले, की एक चकचकीत डबी हातात पडते. घेणाऱ्याने डबीची चकाकी आणि किंमत एवढेच पाहिलेले असते. मुलगा चार दिवस हौसेने फुंकतो, ओळखीच्या चालीची पहिली ओळ साधते आणि दुसऱ्या ओळीत गाडी अडते. घरातली वडील मंडळी म्हणतात, ‘याला सुराचे अंगच नाही.’ बाजा कपाटात जातो आणि त्याबरोबर मुलाची हौसही जाते.

आमचे म्हणणे असे आहे की पुष्कळ वेळा दोष मुलाच्या कानाचा नसतो. जो सूर त्याला हवा असतो, तो त्या बाजात घडवलेलाच नसतो. यास्तव बाजा घेण्यापूर्वी त्यात कोणते सूर आहेत आणि आपल्याला कोणत्या चाली वाजवायच्या आहेत, या दोन गोष्टींचा मेळ घातला पाहिजे. तो कसा घालावा एवढेच या लेखात सांगायचे आहे. पेटीवर सारेगम ओळखता येणाऱ्या कोणालाही हे समजण्यासारखे आहे.

पेटीचे आणि बाजाचे नाते

पेटी आणि माऊथ ऑर्गन एकाच कुळातले आहेत. दोहोंतही धातूची पातळ पट्टी असते. तिचे एक टोक पक्के बसवलेले आणि दुसरे मोकळे असते. वारा लागला की मोकळे टोक थरथरते आणि सूर निघतो. या पट्टीला रीड म्हणतात. लांब किंवा जड रीड खालचा सूर देते, आखूड किंवा हलकी रीड वरचा. पेटीत वारा भाता देतो, बाजात आपली छाती देते. पेटीचा भाता वारा एकाच दिशेने सोडतो. बाजात मात्र फुंकल्यावर एक रीड बोलते आणि श्वास आत ओढल्यावर दुसरी बोलते. त्यामुळे एकाच छिद्रातून दोन सूर मिळतात.

रीडची ही कल्पना मूळची पूर्वेकडची आहे. चीनमधले शेंग नावाचे बांबूच्या नळ्यांचे वाद्य याच तत्त्वावर फार जुन्या काळापासून वाजते. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन भाषिक प्रदेशात आजच्या माऊथ ऑर्गनचे पूर्वज तयार होऊ लागले. क्लिंगेन्थल या गावात सायडेल यांचा कारखाना १८४७ मध्ये सुरू झाला. ट्रोसिंगेन या गावी माथिआस होनर नावाच्या घड्याळजीने १८५७ मध्ये बाजे करावयास आरंभ केला, आणि त्याचे नाव पुढे जगभर गेले. आज जपानच्या सुझुकी आणि टोंबो या कंपन्या उत्तम बाजे करतात. चीनचे टॉवर, स्वान वगैरे छापांचे स्वस्त बाजे आपल्याकडच्या दुकानांत सर्रास दिसतात.

बाजाच्या आतील चौकटीला, जिच्यात हवेचे कप्पे असतात तिला, इंग्रजीत फणीच म्हणतात. बुऱ्हाणपुरात मागाची फणी ज्याने पाहिली आहे त्याला हे नाव समजावून सांगावे लागणार नाही. दातांसारख्या उभ्या भिंती, मधून कप्पे आणि वर-खाली रीडच्या पितळी पट्ट्या, असे हे यंत्र आहे. बाहेरून दिसणारे चकचकीत पत्रे केवळ झाकणे आहेत. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ अशी गत होऊ नये म्हणून पाहायचे ते झाकणांच्या आत.

बाजारातील तीन मुख्य जाती

दुकानात पंचवीस प्रकार मांडलेले दिसले तरी जाती मुख्यतः तीनच आहेत. पहिली, दहा छिद्रांचा साधा बाजा. दुसरी, दुहेरी छिद्रांचा, थरथरत्या आवाजाचा ट्रेमोलो. तिसरी, बाजूला खटका असलेला क्रोमॅटिक. एका सुरासाठी सप्तकांतराने जुळवलेल्या दोन रीड्स असणारे बाजे, केवळ खर्जाचे बाजे, केवळ स्वरसमूहांचे बाजे असेही प्रकार आहेत. पण ते वाद्यवृंदवाल्यांच्या कामाचे आहेत, घरासाठी त्यांचा विचार नको.

याखेरीज चार छिद्रांचा चिमुकला बाजाही मिळतो. त्याला पुष्कळजण खेळणे समजतात. पण डिसेंबर १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी ६ यानातून वॉली शिरा या अंतराळवीराने नाताळचे गाणे वाजवले, ते होनरच्या अशाच चिमुकल्या बाजावर. त्यात एकच सप्तक असते, पण ते पुरे असते. फुंकून सा, ग, प, वरचा सा आणि ओढून रे, म, ध, नी. ही रचना वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे ती उपयोगी पडेल.

दहा छिद्रांचा बाजा

हा दिसायला सुबक, खिशात मावणारा आणि आवाजाने खणखणीत असतो. होनरचा मरीन बँड हा प्रसिद्ध नमुना १८९६ पासून निघतो. ‘जर्मन बाजा’ म्हणून नावाजलेला हाच असल्याने भेट देणारे याच्याकडे ओढले जातात. याच्या सुरांची मांडणी रिक्टर या नावाने ओळखली जाते. ती मुळाशी समजून घेतली पाहिजे, कारण मुलांची गाडी अडते ती येथेच.

चौथ्या छिद्रापासून सातव्यापर्यंत मधले सप्तक आहे, आणि ते पुरे आहे. चौथ्यात फुंकून सा, ओढून रे. पाचव्यात फुंकून ग, ओढून म. सहाव्यात फुंकून प, ओढून ध. सातव्यात मात्र क्रम उलटतो, आधी ओढून नी आणि मग फुंकून वरचा सा. आता खालच्या सप्तकाकडे या. पहिल्या छिद्रात सा आणि रे आहेत, दुसऱ्यात ग आणि प, तिसऱ्यात प आणि नी. म्हणजे प दोनदा आला, आणि म व ध आलेच नाहीत! वरच्या सप्तकात सा, रे, ग, म, प, ध आहेत, पण नी नाही.

ही कारागिराची चूक नव्हे. युरोपातील लोकगीतांना एका सुरामागे तीन सुरांचा जोड लागतो. पहिली तीन छिद्रे एकत्र फुंकली की सा-ग-प एकदम वाजतात, आणि पहिली चार ओढली की रे-प-नी यांचा जोड वाजतो. त्या साथीसाठी म आणि ध यांचा बळी दिला आहे. त्यांच्या गाण्याला ते सोयीचे आहे. आपले गाणे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर चालत जाणारे आहे. आपल्या चाली षड्जाच्या खाली नी, ध, प असे उतरतात आणि पुन्हा वर येतात. अशी चाल मधल्या सप्तकातून खाली उतरू लागली की नी मिळतो, पुढचे पाऊल ध वर टाकावे तर पायरीच नसते. मुलाला वाटते आपले चुकले, ऐकणाऱ्यालाही तसेच वाटते.

या बाजाचा एक मोठा गुण मात्र सांगितलाच पाहिजे. जीभ आणि गळा यांचा आकार बदलून श्वास ओढला तर काही सूर खाली वाकवता येतात. दुसऱ्या छिद्रातील ओढीचा प दोन पायऱ्या वाकवला की तीव्र म आणि शुद्ध म सापडतात. तिसऱ्या छिद्रातील नी वाकवला की कोमल नी, शुद्ध ध आणि कोमल ध मिळतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायकवादकांनी याच युक्तीवर ब्लूज नावाचे सारे करुण संगीत या बाजावर उभे केले. मींडेच्या सर्वांत जवळ जाणारा माऊथ ऑर्गन हाच. परंतु ही युक्ती साधायला महिनोन् महिने मेहनत लागते आणि वाकवलेला सूर नेमका जागेवर ठेवायला तयार कान लागतो. म्हणून हा बाजा जिद्दीच्या तरुणासाठी चांगला आहे. दहा वर्षांच्या मुलाला पहिला म्हणून देऊ नये.

ट्रेमोलो

आपल्याकडे ‘चोवीस होलचा’ म्हणून जो मागतात तो बहुधा हा. वर एक आणि खाली एक अशा छिद्रांच्या दोन रांगा असतात. प्रत्येक उभ्या जोडीत एकाच सुराच्या दोन रीड्स असतात, आणि त्या मुद्दाम किंचित वेगळ्या लावलेल्या असतात. समजा, एकीची कंपने सेकंदाला ४४० आणि दुसरीची ४४४ असली, तर सेकंदाला चार वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. यातूनच ती गोड थरथर निर्माण होते.

पूर्वेकडच्या घडणीच्या ट्रेमोलोत, म्हणजे जपानी व चिनी बाजांत, सा पासून खालचे सप्तकही म आणि ध यांसह भरलेले असते. मुलांच्या चाली अडतात त्या येथे अडत नाहीत. फुंकीची आणि ओढीची घरे वेगवेगळी असल्याने ओठ थोडे सरकवावे लागतात एवढेच. युरोपीय घडणीच्या काही ट्रेमोलोंत मात्र रिक्टरचीच मांडणी असते, आणि म व ध यांचा तोच दुष्काळ असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून दुकानात खालच्या सप्तकात सारेगमपधनी क्रमाने वाजवून पाहिल्यावाचून ट्रेमोलो घेऊ नये.

याचा दोष असा की सूर कधीच स्थिर राहत नाही. तानपुऱ्याशी किंवा गाणाऱ्याच्या गळ्याशी तो चिकटून बसत नाही. एकट्याने चित्रपटगीत, भावगीत, प्रार्थना वाजवायला तो फार गोड लागतो. साथीला मात्र तो उणा पडतो.

क्रोमॅटिक

याच्या उजव्या अंगाला एक खटका असतो. खटका न दाबता प्रत्येक चार छिद्रांत वर सांगितलेली चिमुकल्या बाजाचीच मांडणी असते. फुंकून सा, ग, प, सा आणि ओढून रे, म, ध, नी. तीच पुढच्या चार छिद्रांत पुन्हा, आणि त्यापुढच्या चारांतही पुन्हा. एकदा एका सप्तकाची बोटे नव्हे, श्वास बसले की तिन्ही सप्तके हाती येतात. खटका दाबला की प्रत्येक सूर अर्ध्या पायरीने चढतो. सा चा कोमल रे होतो, रे चा कोमल ग, म चा तीव्र म, प चा कोमल ध, ध चा कोमल नी. पेटीच्या बाराही पट्ट्या येथे सापडतात.

१२ छिद्रांच्या बाजात ४८ रीड्स आणि तीन सप्तके असतात. १६ छिद्रांच्या बाजात ६४ रीड्स आणि चार सप्तके असतात. १२ छिद्रांचा बाजा साधारणपणे पेटीच्या मधल्या सप्तकापासून सुरू होतो, खर्ज हवा असेल तर १६ चा घ्यावा लागतो. लॅरी ॲडलर (१९१४–२००१) या अमेरिकन वादकाने हाच बाजा पाश्चात्य वाद्यवृंदापुढे मानाने उभा केला, आणि व्हॉन विल्यम्ससारख्या इंग्रज संगीतकाराने त्याच्यासाठी स्वतंत्र रचना लिहिली.

दोष दोन आहेत. पहिला किमतीचा. किमती वर्षागणिक बदलतात, पण क्रम बदलत नाही. चांगला क्रोमॅटिक हा बऱ्या ट्रेमोलोच्या कित्येक पट महाग असतो. दुसरा दोष नाजूकपणाचा. आत रीडजवळ पातळ पडद्या चिकटवलेल्या असतात. थंडीच्या सकाळी श्वासातल्या ओलाव्याने त्या चिकटतात आणि सूर अडखळतो. वाजवण्यापूर्वी बाजा दहा मिनिटे तळहातांत धरून कोमट केला म्हणजे हा त्रास टळतो.

येथे एक धोक्याची सूचना करतो. डबीवर ‘४८ रीड्स’ असे छापलेले पाहून फसू नये. चोवीस जोड्यांच्या ट्रेमोलोतही ४८ रीड्स असतात आणि बारा छिद्रांच्या क्रोमॅटिकमध्येही ४८ च. पण पहिल्यात एका सुराला दोन रीड्स खर्ची पडतात, म्हणून सूर २४. दुसऱ्यात प्रत्येक रीड स्वतंत्र बोलते. संख्या एकच असली तरी माल निराळा आहे.

दहा थाटांची कसोटी

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. आपल्याला वाजवायचे काय? पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी हिंदुस्थानी संगीताचे राग दहा थाटांत वाटून दिले. तीच मोजपट्टी येथे लावून पाहू.

खटका नसलेल्या बाजात फक्त सात शुद्ध सूर असतात. म्हणजे त्यात केवळ बिलावल वाजेल असे वाटेल. परंतु षड्ज हलवला तर निराळे थाट उघडतात. आपल्या जुन्या शास्त्रातील मूर्च्छनेचे तत्त्व ते हेच. बाजाच्या रे ला सा मानून तेच सात सूर वाजवा, काफी मिळतो. ग ला सा माना, भैरवी मिळते. म ला सा माना, कल्याण मिळतो, म्हणजे यमनाचे सूर हाती आले. प ला सा मानले तर खमाज आणि ध ला सा मानले तर आसावरी. नी ला सा मानता येत नाही, कारण त्याला शुद्ध पंचम सापडत नाही. अशा रीतीने दहांपैकी सहा थाट एका साध्या बाजावर निघतात. ज्याला हे ठाऊक नाही तो यमनाची चाल मूळच्या सा वरून काढू पाहतो, तीव्र मध्यम सापडत नाही आणि बाजाला शिव्या देतो.

उरलेले चार म्हणजे भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी. हे कोणताही षड्ज धरला तरी खटक्यावाचून निघत नाहीत. पहाटेच्या भैरवातील भजन, मारव्याची किंवा तोडीची चीज ज्याला वाजवायची आहे, त्याने क्रोमॅटिकच घ्यावा. ज्या गीतात मध्येच एखादा परका कोमल सूर डोकावतो, त्यालाही तोच लागतो. असे सूर चित्रपटगीतांत वारंवार येतात.

आणि एक मर्यादा सर्वच बाजांना आहे. रीडचा सूर कारखान्यात ठरतो, श्रुतीप्रमाणे तो उतरवता-चढवता येत नाही. आजच्या समान अंतरांच्या मेळात गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. पेटीवरचा आक्षेपही हाच होता, आणि त्यापायी आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दूर ठेवले होते. तरीही पेटीने आपल्या घराघरांत गाणे टिकवले, हे आपण जाणतोच. बाजाकडूनही तेवढीच अपेक्षा ठेवावी.

डबीवरचे अक्षर आणि आपली पट्टी

प्रत्येक बाजावर एक इंग्रजी अक्षर कोरलेले असते. ते त्याच्या षड्जाचे अक्षर आहे. आपल्या पेटीच्या भाषेत ते असे वाचावे : सी म्हणजे पांढरी एक, डी म्हणजे पांढरी दोन, ई म्हणजे पांढरी तीन, एफ म्हणजे पांढरी चार, जी म्हणजे पांढरी पाच, ए म्हणजे पांढरी सहा आणि बी म्हणजे पांढरी सात. अक्षरापुढे चढाचे चिन्ह असल्यास तिच्या पुढची काळी समजावी. सी चढा म्हणजे काळी एक, जी चढा म्हणजे काळी चार.

नवशिक्याने पांढरी एकचा, म्हणजे सी चा बाजा घ्यावा. शिकवण्याचे धडे बहुधा त्याच्यावर रचलेले असतात आणि पेटीशी ताडून पाहणेही सोपे जाते. ज्याला भजनी मंडळात साथ करायची आहे त्याने आधी मंडळाची पट्टी विचारावी. गाणारे काळी एकात गात असतील तर सी चा साधा बाजा तेथे निरुपयोगी आहे. सी चा क्रोमॅटिक असेल तर मात्र एक गंमत करता येते. खटका सतत दाबून धरून पांढरी एकाच्याच चालीने वाजवले की सारे सप्तक काळी एकात बोलते. भगिनींचे मंडळ काळी चार किंवा काळी पाचमध्ये गात असेल, तर त्या पट्टीचा स्वतंत्र बाजा घेणे किंवा क्रोमॅटिकवर तेथून षड्ज धरण्याचा सराव करणे, हे दोनच मार्ग आहेत.

लाकूड, प्लास्टिक आणि आपली हवा

जुन्या धर्तीच्या बाजाची फणी लाकडाची असते. मरीन बँडची फणी पेअर या फळझाडाच्या लाकडाची. आवाज उबदार येतो असे पुष्कळ वादक मानतात. पण लाकूड ओलाव्याने फुगते आणि कोरडे पडले की आकसते. आपल्या बुऱ्हाणपुरात वैशाखात अंगाची लाही करणारा कोरडा उन्हाळा आणि आषाढ-श्रावणात तापीकाठची दमट हवा, दोन्ही एकाच वर्षात येतात. अशा ठिकाणी लाकडी फणीचे दात फुगून ओठांना टोचू लागतात, नाहीतर फटी पडून वारा गळू लागतो. म्हणून पहिला बाजा प्लास्टिकच्या फणीचा घ्यावा. झाकणे व पट्ट्या खिळ्यांऐवजी स्क्रूंनी बसवलेल्या असतील तर अधिक चांगले, पुढेमागे उघडून साफ करता येतो.

उन्हाळ्यात बाजा खिडकीत किंवा उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत ठेवू नये. यंत्रमागाच्या खोलीशेजारी राहणाऱ्यांनी डबी बंद ठेवावी, कापसाची एवढीशी तूसही रीडला मुकी करते.

दुकानात पारख

हल्ली घरबसल्या फोनवरून बाजा मागवता येतो. सोय खरी, पण तपासता येत नाही. शक्य असेल तर खंडवा, भुसावळ, इंदूर, जेथे जाणे होईल तेथे वाद्यांच्या दुकानातून घ्यावा. काही दुकानदार बाजा तोंडाला लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्यांच्याकडे लहान भाता असतो, त्यावर प्रत्येक छिद्र वाजवून दाखवायला सांगावे. पाहायचे ते इतके : प्रत्येक छिद्र फुंकीला आणि ओढीला दोन्हीकडे बोलते काय, हलक्या वाऱ्यालाही बोलते की जोर लावावा लागतो, खालच्या सप्तकात म आणि ध आहेत काय, ट्रेमोलोची थरथर सगळीकडे सारखी आहे काय, आणि क्रोमॅटिकचा खटका दाबून सोडल्यावर झटकन परत येतो काय. ज्या बाजाला वारा फार लागतो तो स्वस्त असला तरी घेऊ नये, लहान मूल त्यावर थकून जाते.

एक बाजा, एक तोंड

संस्था, शाळा आणि मोठी कुटुंबे यांना आमचे विशेष सांगणे आहे. पेटी दहाजणांत एक चालते, बाजा चालत नाही. तो तोंडात जातो, श्वास आत ओढला जातो आणि त्याबरोबर मागच्याची लाळ व रोगजंतूही जातात. वर्गासाठी एक महागडा क्रोमॅटिक घेऊन तो या मुलाकडून त्या मुलाकडे फिरवणे हे दिसायला उदार असले तरी आरोग्याला घातक आहे. तेवढ्याच पैशांत प्रत्येक मुलाला स्वतःचा साधा ट्रेमोलो देता येतो. त्यावर नाव लिहावे आणि तो घरी न्यायला द्यावा. भावंडांतही हाच नियम पाळावा. वाजवण्यापूर्वी चूळ भरावी, गोड खाऊन वाजवू नये. वाजवून झाल्यावर छिद्रे खाली करून तळहातावर हलकेच आपटावा, आणि फडक्याने पुसून मगच डबीत ठेवावा.

कोणाला कोणता

सहा-सात वर्षांच्या बालकाला चार छिद्रांचा चिमुकला बाजा पुरेसा आहे. त्यात एक सप्तक पुरे असते आणि ओढ-फुंक यांचा क्रम पक्का बसतो. नऊ-दहा वर्षांपुढच्या मुलामुलींना पूर्वेकडच्या मांडणीचा, सी चा, प्लास्टिक फणीचा ट्रेमोलो द्यावा. प्रार्थना, देशभक्तिपर गीते, सोपी चित्रपटगीते सगळी त्यावर निघतील, आणि षड्ज हलवण्याची युक्ती शिकवली तर यमन आणि भैरवीही. ज्याने वर्षभर नियमाने वाजवले, ज्याला साथ करायची आहे किंवा राग वाजवायचे आहेत, त्याला १२ छिद्रांचा क्रोमॅटिक. इंग्रजी धर्तीच्या गाण्यांची आवड आणि सूर वाकवण्याची जिद्द असलेल्या तरुणाला दहा छिद्रांचा. निवृत्त गृहस्थांनी, ज्यांना पेटी येते पण ती उचलून नेणे आता जमत नाही, त्यांनी थेट क्रोमॅटिक घ्यावा. बारा पट्ट्यांचे ज्ञान त्यांच्याजवळ आहेच, फक्त श्वासाची सवय करायची आहे.

या वाद्याला आपल्या लोकांनी परके मानलेले नाही. ‘सोलवाँ साल’ (१९५८) मधील आगगाडीतील गाण्यात राहुल देव बर्मन यांनी वाजवलेला माऊथ ऑर्गन घराघरांत पोचला. ‘दोस्ती’ (१९६४) मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या संगीतात त्यांनीच तो वाजवला, आणि कुबड्या घेऊन चालणारा गरीब मुलगा त्या छोट्या बाजावर मित्राच्या गाण्याला साथ करतो हे दृश्य प्रेक्षक विसरले नाहीत. ‘शोले’ (१९७५) मधील रात्रीची ती धून भानू गुप्ता यांनी वाजवलेली. शेजारच्या खंडव्याने तर चित्रपटसृष्टीला किशोरकुमारांसारखा गाता गळा दिला. आपल्या भागातील मुलांच्या कानावर गाणे लहानपणापासून आहे. त्यांच्या हातात योग्य वाद्य देणे हे वडीलधाऱ्यांचे काम आहे.

तेव्हा पुढच्या वेळी एखादे मूल बाजावर अडखळले, तर त्याला बेसुरा ठरवण्यापूर्वी बाजा हाती घ्यावा आणि पेटीच्या पांढऱ्या एकापासून सात सूर ताडून पाहावेत. एखादा सूर बाजातच नाही असे आढळले, तर मुलाला तसे सांगावे. दोष आपला नाही हे कळल्यावर पुष्कळ मुले पुन्हा वाजवू लागतात.